रेडिमेडवाल्याच्या घरातली सुई

सेनगावच्या शाळेत माझी बदली झाली आणि मी खोली बघायला गेले, तेव्हा घरमालकिणीने माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही. त्यांची नजर आधी माझ्या उजव्या बाहीवर गेली. येताना जीपच्या दाराला अडकून बाही कोपराशी फाटली होती आणि मी ती ओढणीखाली झाकून उभी होते. त्यांनी सरळ ओढणी बाजूला सारली, फाटकी जागा बोटांत धरून उजेडाकडे वळवली आणि म्हणाल्या, "खोली वर हाये, बघून या. तवर कुर्ता काढून देता का?"

"काढून?"

"माझा गाऊन देते की घालायला. लाजता काहून?"

अशी माझी आणि पदमाकाकूंची ओळख. खोली मी नीट बघितलीच नाही. काकूंचा ढगळ गाऊन घालून मी त्यांच्या स्वयंपाकघरात पाटावर बसले. चहा झाला, पोहे झाले, पुन्हा चहा झाला, आणि कुर्ता हातात आला तेव्हा कोपरावर तुरीची एक हिरवीगार शेंग लागलेली होती. फाटलेल्या चिरेएवढीच लांब, आत दाण्यांचे फुगवटेसुद्धा. मी म्हटलं, "काकू, दुसऱ्या बाहीवर पण एक करून द्या ना."

"फाटू तर द्या आधी," काकू म्हणाल्या.

गंमत अशी, की काकूंच्या यजमानांचं बसस्टँडच्या अलीकडे रेडिमेड कपड्यांचं दुकान होतं. चांगलं दोन शटरचं, एका शटरात नुसत्या साड्या. गाव त्यांना शेठ म्हणायचं. शेठ रोज दुकानातला कोरा, इस्त्रीची घडी न मोडलेला शर्ट घालून गल्ल्यावर बसत. कापडवाल्याने जुनं कापड घालणं म्हणजे हलवायाने दुसऱ्याच्या दुकानात जाऊन पेढा खाणं, असं त्यांचं मत होतं. आणि त्यांच्याच घरात, त्याच घराच्या ओसरीवर, काकू सगळ्या गल्लीचे जुने कपडे पुन्हा चालते करत बसलेल्या असत. पैसे घेत नसत. कुणी भेंड्या आणून द्यायचं, कुणी ताक. कुणी काहीच नाही दिलं तरी काकूंच्या ते लक्षात राहत नसे. लक्षात राहायचा तो फक्त कपडा. आमच्या शाळेतल्या एका सरांचं नाव त्यांना शेवटपर्यंत आलं नाही. "ते खिशाजवळ फाटणारे सर" एवढीच त्यांची ओळख.

काकू बुटक्या आणि बारीक, पण चालणं तुरुतुरु. ब्लाऊजच्या डाव्या खांद्यावर दोरे ओवलेल्या सुया टोचलेल्या, लाल, निळे, पिवळे दोरे लोंबत असायचे. त्यांच्या गळ्यात पडायचं असेल तर उजव्या बाजूनेच पडावं लागे. नजर अधू झाल्यामुळे सुईत दोरा त्यांना ओवता येत नव्हता, त्यामुळे ओसरीसमोरून जाणाऱ्याला सुई ओवल्याशिवाय पुढे जाता येत नसे. दूधवाला, पोस्टमन, शेळ्या हाकणारी बाई, सगळ्यांनी हा टोल भरलेला. एकदा ठाण्यातले जमादार कुणाची तरी चौकशी करायला गल्लीत आले, तर काकूंनी त्यांनाच थांबवलं. जमादार काठी काखेत धरून, एक डोळा मिटून, दोऱ्याचं टोक थुंकीने ओलं करत उभे आहेत, आणि ज्याची चौकशी करायची तो माणूस शेजारून नमस्कार करून निघून गेला, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

फाटक्या कपड्याला काकू फाटका म्हणत नसत. "मेलं न्हाई ते, दमलंय," म्हणायच्या. आणि दमलेल्या जागेवर त्या बाहेरचा तुकडा सहसा लावत नसत. त्याच कपड्याचा आत खोचलेला भाग, दुमडलेली पट्टी, खिशाच्या आतली बाजू असं कुठून तरी काढत. एका मुलाच्या सदऱ्याचं कोपर गेलं होतं. त्याची आई म्हणाली, "टाकूनच देते काकू, कोपरच राहिलं न्हाई तर." तेव्हा काकूंनी सदऱ्याचा खालचा घेर उचलून तिला दाखवला. "कोपरानं काम केलं म्हून ते झिजलं. हे बघ, हे खालचं कसं कोरं हाये. इतके दिवस बसून खात होतं. आता ह्याला लावू कामाला."

आणि ठिगळ लावलं तर ते दिसलंच पाहिजे, हा त्यांचा हट्ट. रफू करून खूण मिटवणं त्यांना येत होतं, पण आवडत नव्हतं. "लपवायचं कशाला? चोरी केली का?" असं म्हणून त्या पांढऱ्यावर मुद्दाम लाल दोरा घेत. त्यामुळे आमच्या गल्लीत पोरांच्या गुडघ्यांवर कासवं, पोरींच्या पाठीवर भोपळ्याचे वेल आणि म्हाताऱ्यांच्या धोतरांवर कापसाची बोंडं असत. परगावचा माणूस आला की दोन मिनिटं बघतच राहायचा.

पळस फुलला की त्यांचा रंगाचा कारखाना चालू होई. अंगणात चुलीवर पातेलं चढवून त्यात पळसाची फुलं उकळायची, चिमूटभर चुना टाकायचा आणि वर्षभरात पिवळट पडलेलं जे काही पांढरं असेल ते बुडवायचं. माझ्या दोन ओढण्या त्यांनी अशा केशरी करून दिल्या, की शाळेत सगळ्या मॅडमनी दुकानाचं नाव विचारलं. फक्त एका वर्षी घाईत शेठचे बनियनही त्याच पातेल्यात गेले. पातळ पांढऱ्या शर्टातून ते झळकायला लागले. दिवसभर गिऱ्हाईक विचारत होतं, "शेठ, कोणत्या पक्षात गेले?"

दुकानाशी काकूंचा संबंध एकदाच आला, तो प्रसंग सगळं गाव सांगतं. दिवाळीच्या आधी शेठ माल आणायला नांदेडला गेले होते. दुकानातला गडी तापाने आजारी पडला, म्हणून काकू गल्ल्यावर बसल्या. जवळच्या तांड्यावरची एक बाई मुलीला फ्रॉक घ्यायला आली.

"हिचा आदला कुठाय?" काकूंनी विचारलं.

"हे काय, अंगावर हाये. आखूड झाला माय."

"आखूडच झाला ना? मग काहून नवा घेऊन राहिलीस? तुझ्या आदल्या साडीचा काठ असंल की. त्याचा घेर लावू खाली. ये, बस."

बाई बसली. जवळच्या पिशवीत एक जुनी साडी होतीच, तिचा काठ निघाला आणि फ्रॉकला लागला. पोरगी गोल गिरकी घेत बाजारातून गेली आणि बाजारभर बातमी झाली. दिवस कलताना शेठ जीपमधून उतरले, तेव्हा दुकानाच्या पायऱ्यांवर बायकांची ही गर्दी. त्यांच्या डोक्यावर मालाचं गाठोडं होतं. ते जीपवाल्याला म्हणाले, "बघ, औंदा दिवाळी जोरात!" जवळ आल्यावर त्यांना दिसलं, की प्रत्येकीच्या हातात एक जुनं कापड आहे आणि मध्ये सतरंजी टाकून पदमा बसलेली आहे.

त्यानंतर घरात तह झाला. काकूंनी दुकानाची पायरी चढायची नाही आणि शेठनी ओसरीवरच्या जुन्या कपड्यांच्या टोपलीकडे बघायचं नाही. दोघांनीही तो पाळला. शेठ ओसरीवरून जाताना मान वळवून तुळशीकडे बघत जायचे.

त्या टोपलीत दरवर्षी न चुकता एक कोट येई, धोंडबांचा. धोंडबा मेंढ्या-शेळ्या राखणारे. वर्षातून एकदा कळप घेऊन सेनगावच्या शिवारात उतरले की कोट काकूंकडे देऊन जात आणि नुसत्या घोंगडीवर फिरत. मूळचा कोट कोणत्या रंगाचा होता हे त्यांनाही आठवत नव्हतं. एका वर्षी ते आले ते चिडूनच.

"माय, ह्यो खिसा आतून कर. बाहीर नको."

"काहून? काय झालं?"

"शेरडानं खिसा खाल्ला. खाता खाता मोबाईल चावला आन् फोन लागला व्याह्याला. व्याही हलो हलो करून राहिला, आन् शेरडू इकडून बें बें करतंय. त्याला वाटलं म्याच त्याची टिंगल करून राहिलो. दिवाळीला लेक धाडली न्हाई त्यानं!"

काकू हसून हसून पाटावरून कलंडल्या. मग डोळे पुसून त्यांनी कोटाला आत खिसा केला, त्यावर झाकण, झाकणाला काज-बटण. आणि काय सुचलं कोण जाणे, त्यांनी धोंडबांना तिथेच बसवून माझ्या फोनवरून व्याह्यांना फोन लावला आणि "शेरडू इथंच बांधलंय, त्याच्याशी बोलता का?" असं विचारलं. पलीकडचा माणूस खो खो हसायला लागला. लेक पुढच्या आठवड्यात माहेरी आली.

असं सगळं हसतखेळत चाललेलं असताना ते साखरपुड्याचं झालं.

शेठच्या बहिणीच्या मुलाचा साखरपुडा होता, हिंगोलीला. काकूंना त्यांची लग्नातली रेशमी साडी नेसायची होती. रेशीम जुनं झालं की घडीवर चिरतं, तशी ती घडीघडीवर चिरली होती. काकू महिनाभर त्या साडीला बसल्या. प्रत्येक चिरेवर त्यांनी गुलाबी कापडाची बारीक पट्टी लावली आणि पट्टीच्या कडेने साखळी टाका घातला. जांभळ्या साडीवर त्या गुलाबी रेघा अशा दिसत होत्या, की जणू विणतानाच कुणी घातल्यात. जायच्या दिवशी त्या मला दाखवायला जिना चढून वर आल्या. एरवी कधी आरशात न बघणाऱ्या काकू माझ्या आरशापुढे पुढून, मागून वळून बघत होत्या.

तिथे काय झालं ते मला दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यावरच कळलं. खालून शेठचा आवाज येत होता, तो कधी चढत नसे.

"लोकाच्या चिंध्या घरात गोळा करून ठेवल्या, त्या ठेवल्या. आता अंगावर बी घालून हिंडती. माझ्या धंद्याचं नाक कापलं!"

शेठ चपला घालून दुकानात गेले.

भरमांडवात नणंद मोठ्याने म्हणाली होती, "दादा, दुकानातला माल संपला काय? वैनीला ठिगळं लावून आणलंस." सगळे हसले होते. हे काकूंनी मला सांगितलं तेव्हा त्या साडीची घडी घालत होत्या. मी काहीतरी समजुतीचं बोलायला लागले, तर हाताने थांबवून म्हणाल्या, "लोक हसले त्याचं काही न्हाई हो मॅडम. पण हे बी हसले."

त्या दिवशी काकूंनी टोपली उपडी केली आणि ज्याचे कपडे त्याला परत दिले. झाले असतील तसे. त्यामुळे पुढचे बरेच दिवस आमची गल्ली अर्धवट होती. कुणाच्या एका गुडघ्यावर कासव आणि दुसऱ्या गुडघ्याला नुसतं भोक. एकीच्या पाठीवर वेल होता, पण भोपळा लागायचा राहिला होता. बायका ओसरीवर येऊन बसत, हळूच पिशवी पुढे सरकवत, आणि काकू म्हणत, "नवं घ्या बाई. दुकान उघडं हाये."

स्वतः त्यांनीही नवंच घ्यायला सुरुवात केली. रोज गड्याला सांगून दुकानातून एक कोरी साडी मागवायच्या आणि ती लेबलासकट नेसून ओसरीवर टीव्ही बघत बसायच्या. पदराला पुठ्ठ्याचं लेबल लोंबतंय, निऱ्या कडक, काकू ताठ. शेठ जेवायला आले की मुकाट्याने वाढायच्या. भांडण नाही, टोमणा नाही, तुरीच्या वरणात मीठ बराबर. शेठ चांगलेच घाबरले. रोज चार शब्द ऐकून घ्यायची सवय असलेला माणूस, घरात एकदम इतकी शांतता झाल्यावर जिन्याशी येऊन मलाच विचारायचा, "मॅडम, काही बोलली का ती?"

असे बरेच दिवस गेल्यावर एका सकाळी शेठ वर आले. हातात निळा शर्ट, खिशाखाली चांगला वीतभर फाटलेला.

"तारेला अडकला," ते म्हणाले. "तुमी देता का तिच्याकडं? तुमचं म्हणून?"

"शेठ, पुरुषाचा शर्ट माझा म्हणून कसा देऊ?"

ते शर्ट पोटाशी धरून खाली उतरले आणि स्वयंपाकघराच्या दाराशी थांबले. मला शाळेत जायचं होतं आणि जिना स्वयंपाकघरासमोरूनच उतरतो. पण खरं सांगायचं तर मी तिथेच पायरीवर बसून राहिले.

"आगं, हे जरा बघती का? तारेला अडकला."

काकूंनी पोळी तव्यावरून उतरवली, हात पुसले आणि शर्ट घेतला. सवयीने तो उजेडाकडे वळवला. बराच वेळ बघितला.

"तार कुठली ही?"

"त्ये... गोडाऊनच्या मागची."

"तारेनं दोरे वढले जातेत. ह्याचे कापलेत. आन् इथं तर कात्रीनं दोनदा चावलंय. दुकानातली हाये ना, मोठी? तिला धार न्हाई, किती वर्षं सांगून राहिले."

शेठ चौकटीच्या लाकडावरची एक ढलपी नखाने काढत राहिले.

"कोरा शर्ट हाये हो हा," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. "कॉलरची टाचणी बी काढली न्हाई. कोऱ्या शर्टाला कात्री लावली तुमी?"

"मंग काय करू? तू काही बोलूनच राहिली न्हाई."

काकूंनी शर्ट मांडीवर घेतला. पोळी तव्याबाहेर गार होत होती. "हसलात काहून तुमी?"

"समदे हसले म्हून हसलो." शेठ दारातच खाली बसले. "पर त्या पट्ट्या म्या वळखल्या व्हत्या. आबांचा फेटा व्हता ना तो गुलाबी? पंगतीत तुझ्या अंगावर बघितला आन् आबाच दिसले मला, माझा बाप. जीपमध्ये बसल्यावर तुला त्येच सांगायचं व्हतं. लोक व्हते संगं, मंग सांगता आलं न्हाई. आन् सकाळी तोंडातून भलतंच निघालं."

काकूंनी खांद्यावर हात नेला; तिथे सुई नव्हती, कोऱ्या साडीचं लेबल हाताला लागलं. ते त्यांनी दातांनी तोडलं आणि जिन्याकडे बघून ओरडल्या, "मॅडम, तिथं बसून ऐकून राहिल्या ना? मग या, सुई तरी ओवून द्या."

त्या दिवशी मला शाळेला उशीर झाला.

फेट्याचा एक तुकडा उरला होता. काकूंनी तो शर्टाच्या चिरेवर लावला, निळ्यावर गुलाबी, आणि कडेने साखळी टाका. लपवायचा प्रश्नच नव्हता. शेठ तो शर्ट घालून गल्ल्यावर बसले तेव्हा बाजारात कुजबुज झाली. कुणी हसलंही असेल. एका पोराने तसाच शर्ट मागितला, तर शेठ म्हणाले, "हा इकायला न्हाई." आणि मग गिऱ्हाइकाला कापड दाखवताना त्यांनी एक नवीनच बोलणं सुरू केलं: "पहिलं वरीस माझी गॅरंटी. फुडची घरातून घ्या." तहाचं काय झालं ते कुणी विचारलं नाही. काकू अजूनही दुकानाची पायरी चढत नाहीत, पण शेठ ओसरीवर बसून पेपर वाचायला लागले आणि वाचता वाचता सुया ओवून द्यायला लागले.

पुढच्या वर्षी नणंदेची पैठणी आली, घडीवर चिरलेली, एसटीच्या पार्सलने. सोबत फोनही आला, गोड आवाजात. काकूंनी पैठणी टोपलीत ठेवली, धोंडबांच्या कोटाच्या खाली. "आधी कोट," त्या म्हणाल्या. "त्याला थंडी वाजून राहिली. पैठणीला काय घाई हाये?"

नंतर माझी बदली औंढा तालुक्यात झाली. काकूंचं भेटणं सणावारी फोनवर आलं.

गेल्या हिवाळ्यात मी शाळेची मुलं घेऊन सिद्धेश्वरचं धरण बघायला गेले होते. मुलं भिंतीकडे पळाली आणि मी पाण्याच्या कडेने चालत होते, तर समोर शेठ. देवदर्शनाला आले होते, आणि आता वैतागून जीपजवळ उभे होते.

"बरं झालं मॅडम आल्या. तिला तुमीच उठवा. जीपवाला केव्हाचा हाका मारून राहिला."

खाली काठावर मासेमारी करणाऱ्यांच्या होड्या ओढून ठेवल्या होत्या. एक म्हातारा कोळी पायाच्या अंगठ्यात जाळं अडकवून ते ताणून बसला होता आणि त्याच्यासमोर, उन्हात, चिखलाच्या कडेला, पदमाकाकू मांडी घालून बसल्या होत्या. जाळ्याचं दुसरं टोक त्यांनी आपल्या अंगठ्यात अडकवलं होतं. हातात दोरा गुंडाळलेली बांबूची चपटी सुई होती, ती त्या कुठून घालायची आणि कुठून काढायची हे म्हातारा त्यांना सांगत होता. त्या चुकत होत्या, उसवत होत्या आणि पुन्हा गाठ मारत होत्या.

मी हाक मारली. काकूंनी वर बघितलं, पण उठल्या नाहीत. जाळं दोन्ही हातांनी उचलून त्यांनी आकाशासमोर धरलं, सगळं पाणी त्यातून दिसत होतं, आणि आनंदाने ओरडून म्हणाल्या,

"मॅडम, बघा तरी! सगळी भोकंच हायेत ह्याला, आन् हे बाबा म्हणतेत, एकच जागा फाटली!"